वीतभर पट्टा

१

लेलंड प्रॉक्नाव मेपलच्या बुंध्याशी पडला होता आणि त्याचं मचाण त्याच्या शेजारी आडवं झालं होतं. नारिंगी जाकिटामुळे तो दुरूनही दिसत होता. एवढ्या पांढऱ्या रानात दुसरा कुठला रंगच नव्हता.

शिकारीचे कायदे सांभाळणारी वॉर्डन मार्लिस होव्डे पोचली तेव्हा शेरीफ रॅडके प्रेताजवळ गुडघे टेकून बसला होता. हरणांच्या शिकारीचा मोसम त्याच सकाळी उघडला होता. उत्तर विस्कॉन्सिनमधला जवळजवळ प्रत्येक पुरुष, आणि बऱ्याच बायकाही, पहाटेपासून कुठल्या ना कुठल्या झाडावर बसल्या होत्या. वॉर्डनला मात्र या दिवशी कुणी आपल्या शिकारीच्या कॅम्पवर बोलवत नाही. ती आली की बोलणं थांबतं आणि सगळे आपापले परवाने चाचपू लागतात. मार्लिसला त्याची सवय होती. सवय होती म्हणजे तिने तसं स्वतःला बजावून ठेवलं होतं.

"ये," रॅडके म्हणाला. "तुझ्या लाडक्या टेसमरने शेवटी करून दाखवलं बघ."

त्याने मचाणाच्या वरच्या टोकाकडे बोट केलं. मचाण म्हणजे एक उंच लोखंडी शिडी आणि तिच्या डोक्यावर बसायला फळी. शिडी झाडाला टेकवायची आणि फळीच्या दोन्ही बाजूंना अडकवलेला जाड पट्टा बुंध्यामागून फिरवून करकचून आवळायचा. तो पट्टा आता दोन तुकड्यांत लोंबत होता. दोन्ही टोकं या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ होती, सुरीने पाव कापावा तशी.

"कमरेचं हाड मोडलंय," रॅडके सांगू लागला. "आत रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणतात लगेच गेला नाही. बराच वेळ पडून होता बिचारा."

"सापडला कुणाला?"

"व्हर्नला. थोरल्या भावाला. दुपारी."

प्रॉक्नावांच्या कॅम्पचा नियम मार्लिसला ठाऊक होता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुणीही आपल्या जागेवरून हलायचं नाही. हललं की हरणं बिथरतात. त्यांच्या बापाने घातलेला हा नियम मुलं देवळातल्या नियमासारखी पाळत आली होती.

मेपलपासून हाकेच्या अंतरावर काटेरी कुंपण होतं. कुंपणापलीकडे ऑरिन टेसमरची जमीन आणि दर दुसऱ्या झाडावर 'प्रवेश बंद'ची पाटी. पलीकडच्या बर्फात बुटांचे ठसे होते. कुणीतरी कुंपणापर्यंत आलं होतं, तिथे पाय हलवत उभं राहिलं होतं आणि आल्या वाटेने परत गेलं होतं.

"उभं राहून मजा बघितली थेरड्याने," रॅडके म्हणाला.

"कुंपण कुठे ओलांडलंय?"

"काल ओलांडलं. बर्फ पडायच्या आधी येऊन पट्टा कापून गेला. आज बघायला आला, जमलं का ते." तो उठला. "संध्याकाळपर्यंत न्यायाधीशांकडून वॉरंट आणतो. फोटो काढून झालेत. तोवर तुला काय बघायचं ते बघ. मोसमात झाडावरून कोण पडलं तर तपास तुझाही असतो, नाही तर मी थांबलो नसतो."

मार्लिसने लेलंडची रायफल पाहिली. ती बाजूला बर्फात पडली होती, गोळ्या न भरलेली. तिला बांधलेली दोरी मचाणाच्या फळीभोवतीच्या कठड्याला गाठ मारून पक्की केलेली होती. मग ती कुंपणाकडे गेली आणि पलीकडच्या ठशांवर वाकली.

जिथे तो माणूस उभा होता तिथे, बुटांच्या शेजारी, काहीतरी जड वस्तू खाली ठेवल्याची लांबट खूण होती. रॅडकेला ती दिसली नव्हती.

२

कॅम्पमध्ये चूल पेटलेली होती आणि तरी व्हर्न प्रॉक्नाव जाकीट घालून बसला होता. सत्तरीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा माणूस. टेबलावर कॉफी निवून गेली होती. त्याचा मेहुणा ड्युई झाबेल खिडकीशी उभा होता. तोच या कॅम्पमधला तिसरा आणि शेवटचा माणूस.

"व्हर्न, काय बोलू मी," मार्लिस म्हणाली.

"काही बोलू नको. त्याला आत घाल."

"तू पोचलास तेव्हा…"

"गार पडला होता. दुपारी जेवायला आला नाही म्हणून बघायला गेलो." व्हर्न चुलीकडे बघत होता. "दुपारपर्यंत मी माझ्या मचाणावर होतो. टेकडीच्या त्या अंगाला. हाक मारली असेल त्याने, तरी मला कुठून येणार ऐकू?"

"पट्ट्याला हात लावलास?"

"पट्टा? मी भावाकडे बघत होतो, मार्लिस."

ड्युई वळला. "आणि करवत नाही वाजली आज! हे लिहून घे. दरवर्षी पहिल्या दिवशी सकाळी तो म्हातारा कुंपणाला येऊन लाकूड कापायचं मशीन लावतो. आमची हरणं पळवायला. नुसतंच घर्रघर्र, कापत काहीच नाही. यंदा गप्प. का? कारण यंदा त्याला ठाऊक होतं, मशीनची गरज नाही."

"गेल्या वर्षीचा तो नर," व्हर्न हळूच म्हणाला.

ते प्रकरण मार्लिसला विसरणं शक्य नव्हतं. लेलंडने गोळी घातलेला हरणाचा नर कुंपणावरून उडी मारून टेसमरच्या हद्दीत जाऊन पडला होता, इथून दिसेल असा. टेसमर त्याच्याजवळ खुर्ची टाकून दिवसभर बसून राहिला. ना स्वतः घेतला, ना नेऊ दिला. शेवटी कोल्ह्यांनी खाल्ला. मार्लिसला येऊन सांगावं लागलं होतं की जमीनमालकाच्या परवानगीशिवाय आत शिरता येत नाही, आणि कायदा टेसमरच्या बाजूने आहे. जाताना तिने दोघांनाही तंबी दिली होती: यापुढे कुणीही हे कुंपण ओलांडायचं नाही.

"मचाणांचं बघतं कोण तुमच्यात?" तिने विचारलं.

"व्हर्न," ड्युई म्हणाला. "त्यांचा बाप गेल्यापासून. मोसमाआधी जाऊन सगळे पट्टे बदलतो. लेलंड थट्टा करायचा, म्हणायचा आमचा व्हर्न पट्ट्यांची बायकोसारखी काळजी घेतो. हो ना रे?"

व्हर्नने मान हलवली. त्या मान हलवण्यात होकार किती होता हे सांगणं कठीण होतं.

"आणि तू सकाळभर तुझ्या जागी होतास, ड्युई?"

"असणारच की. कुठे जाणार?" तो एवढ्या घाईने म्हणाला की चुलीकडे बघणाऱ्या व्हर्ननेही मान वर केली.

३

"वॉर्डनबाई!" टेसमरने दार उघडलं. "वर्षभर बोलावतो तर येत नाहीस. आज न बोलावता?"

"आत येऊ?"

"पाय पूस."

स्वयंपाकघर लख्ख होतं. एकट्या माणसाचं असावं तसं, एक ताट, एक कप, एक काटा. ऑरिन टेसमर खुर्चीवर ताठ बसला. उंच, वाळलेला, दाढी नीट केलेली.

"कोण गेला ते तुम्हाला कळलं असेल."

"शेरीफच्या गाडीचा भोंगा ऐकला. नंतर पोस्टवाली सांगून गेली." त्याने टेबलावरचा न दिसणारा कण बोटाने बाजूला केला. "लगेच गेला का?"

"नाही. बराच वेळ पडून होता."

टेसमरने तो कण पुन्हा बाजूला केला.

"तुम्ही सकाळी कुंपणाशी गेला होतात."

"कुंपण माझंच आहे."

"कशाला गेलात?"

"दरवर्षी जातो तशाला. त्यांच्या बापाची गोळी एकदा या खिडकीतून आत आली. माझी बायको इर्मा भांडी घासत होती. गोळी तिच्या कानाजवळून गेली. तो काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, खिडकीचे पैसे देतो." तो थांबला. "इर्मा गेली, पण माझं कुंपण अजून आहे. जोवर आहे तोवर मी मशीन लावणार."

"मग आज का नाही लावलंत?"

"सुरू झालं नाही. थंडीने."

"लेलंडला बघितलंत?"

"झाडं आहेत मध्ये."

"टेसमर, पट्टा तुम्ही कापलात?"

"सगळ्यांचं ठरलंय ना? मग माझ्या उत्तराने काय फरक पडतो?"

"मला पडतो. शेरीफ संध्याकाळी वॉरंट घेऊन येतोय. तुमच्या वयात तुरुंगातून परत येणं होत नाही. तुमच्या बाजूने बोलणारं या गावात एक माणूस आहे का, मला सांगा."

"संध्याकाळी किती वाजता?"

"का?"

"घर आवरायला हवं," तो म्हणाला आणि उठून दारापाशी गेला. बोलणं संपल्याची ती खूण होती.

बाहेर पडल्यावर मार्लिस गाडीकडे न जाता त्याच्या पडवीत गेली. लाकूड कापायचं मशीन फळीवर होतं. पडवीला चूल नव्हती. बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं. मशीनचं बूड लांबट होतं, आणि त्याला चिकटलेला बर्फ अजून वितळला नव्हता. तिने ते जमिनीवर ठेवलं, पायाने दाबलं आणि दोरी ओढली.

मशीन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

त्या आवाजात तिला खिडकीत टेसमरचा चेहरा दिसला. तो तिच्याकडे बघत होता. रागाने नाही. खोटं पकडलं गेलेला माणूस चिडतो किंवा घाबरतो. हा नुसता बघत राहिला.

४

मार्लिस महाविद्यालयात जीवशास्त्र शिकली होती आणि त्यातली एकच गोष्ट तिच्या अंगवळणी पडली होती: उत्तर ठाऊक आहे असं वाटलं की मोजायला बसायचं.

ती आधी टेकडीपलीकडे व्हर्नच्या जागी गेली. त्याचं मचाण एका ओकला टेकवलेलं होतं. पट्टा इतका जुना की झाडाची साल त्याच्यावर चढून आली होती. खाली एक प्लॅस्टिकची बादली पालथी घातलेली, तिच्यासमोरचा बर्फ बुटांनी तुडवून चिखल झालेला. मार्लिस शिडीच्या पायऱ्यांकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग ड्युईला बोलावून घेऊन मेपलकडे आली. प्रेत नेलं होतं.

"हे मचाण पुन्हा उभं करायचं," ती म्हणाली. "होतं तसंच. पायांचे खड्डे आहेत बघ जमिनीत. त्यातच बसव."

"आणि वर कोण चढणार?"

"मी."

"पडलीस तर व्हर्न मला जिवंत ठेवणार नाही. आज एकाचं पुरे झालं." तरी त्याने खांदा लावला. शिडी उभी राहिली. मार्लिसने नव्या दोरीने ती झाडाला बांधली, दुसरी दोरी आपल्या कमरेला, आणि चढू लागली. ड्युई खाली शिडी धरून उभा होता. एकट्याला गप्प उभं राहणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"मार्लिस, एक सांगू? व्हर्नला नाही सांगणार?"

"बोल."

"मी नव्हतो जागेवर. पाय गोठले. सकाळीच सटकलो आणि गावातल्या गुत्त्यावर सूप पीत बसलो. दुपारनंतर परत आलो तो शेरीफच्या गाडीमागोमाग. मालकिणीला फोन करून विचार. पण व्हर्नला कळलं तर पुढच्या वर्षी मला कॅम्पवर घेणार नाही."

"कुठल्या वाटेने गेलास?"

"मागच्या, दलदलीकडून. नेहमीची वाट इथूनच जाते ना, लेलंडने बघितलं असतं, मग…"

तो मध्येच थांबला. वरून मार्लिसला त्याची फक्त टोपी दिसत होती. टोपी हलली नाही. नेहमीच्या वाटेने तो गेला असता तर काय झालं असतं, ते त्याचं त्याला आत्ता कळलं होतं. ती बुंध्याकडे वळली. 

मेपलच्या बुंध्यावर पट्ट्याने खोबण पाडली होती. तेवढ्या पट्टीत शेवाळ उगवलेलं नव्हतं. फिकट सालीवर पट्ट्याची वीण उमटली होती. मार्लिसने डावीकडचा तुकडा त्या खोबणीत बसवला. मग उजवीकडचा. आवळायची लोखंडी खिट्टी गंजून दगड झाली होती. तिच्यातून पट्टा एक सूतही पुढेमागे सरकणं शक्य नव्हतं.

दोन्ही टोकं बुंध्यामागे एकमेकांकडे आली आणि थांबली.

मध्ये जागा उरली. तिने हाताचा पंजा पसरून तिथे लावला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, वीतभर.

ताण गेला की पट्टा थोडा आखडतो, हे तिला माहीत होतं. तिने दोन्ही तुकडे पूर्ण जोर लावून ओढले. बोटभर वाढले. वीत भरली नाही.

सुरी पट्टा कापते, खात नाही. नुसता कापला असता तर टोकं जुळली असती. कुणीतरी मधला तुकडाच काढून नेला होता.

"काय झालं?" खालून ड्युई ओरडला.

"धरून ठेव," ती म्हणाली. "मी उतरतेय."

५

व्हर्न तसाच चुलीसमोर होता. मार्लिसने ड्युईला बाहेर लाकडं आणायला पाठवलं आणि व्हर्नसमोर बसली.

"लेलंड वर पोचला होता, व्हर्न. फळीवर बसला होता. रायफलची दोरी वर कठड्याला बांधलेली आहे आणि रायफल दोरीच्या खालच्या टोकाला. म्हणजे वर बसून तो ती ओढून घेत होता. तुम्ही सगळे तसंच करता, बंदूक हातात घेऊन कुणी चढत नाही."

"मग?"

"मग पट्टा काल पूर्ण कापलेला असता तर लेलंड वर पोचलाच नसता. अर्ध्यातच शिडी उलटली असती. आणि अर्धवट कापलेला असता, तर उरलेला भाग फाटून तुटला असता, धागे लोंबले असते. दोन्ही टोकं कडेपासून कडेपर्यंत साफ आहेत. म्हणजे सुरी लागली ती लेलंड पडल्यानंतर."

व्हर्नने चुलीचं दार उघडून पुन्हा लावलं.

"पडल्यानंतर झाडापाशी गेलं कोण? टेसमरचे ठसे कुंपणाच्या पलीकडेच आहेत. ड्युई शेरीफच्या मागून आला. तो कुठे होता ते मी विचारून घेतलंय, साक्षीदार आहे. राहिलास तू."

"मी माझ्या भावाचा पट्टा कशाला कापू? मेल्यावर?"

"तुटलेली टोकं दिसू नयेत म्हणून. वीतभर तुकडा नाहीये, व्हर्न. दोन्ही तुकड्यांची फाटकी टोकं होती त्यात." तिचा आवाज आपोआप खाली आला. "मी तुझ्या मचाणाकडे जाऊन आले. बर्फ पहाटेच्या आधी थांबला होता. तुझ्या शिडीच्या प्रत्येक पायरीवर तो अजून तसाच आहे, न मोडलेला. तू आज वर चढलाच नाहीस. खाली बादलीवर बसला होतास. ओकच्या सालीने तुझा पट्टा गिळलाय. किती वर्षं झाली चढून?"

व्हर्नने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"गुडघे," व्हर्न म्हणाला. "उजवा आधी गेला. मग दोन्ही. तिसऱ्या पायरीवर पाय लटलटतात. त्यांना काय सांगू? आमचा बाप मरेपर्यंत चढत होता." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ऑक्टोबरात लेलंडने विचारलं, पट्टे झाले का? म्हटलं, झाले. तो म्हणाला, तू केलंस म्हणजे बघायला नको."

व्हर्न पुन्हा चुलीकडे वळला.

"दुपारी गेलो तर टोकं अशी… जुन्या केरसुणीसारखी. त्याच्या आधी मला ती दिसली, मार्लिस. भावाच्या तोंडाकडे मी नंतर बघितलं." त्याने निवलेला कप दूर सारला. "फाटका पट्टा म्हणजे मी होतो. कापलेला पट्टा म्हणजे टेसमर. सुरी कमरेलाच असते. विचार करायच्या आत हात चालला. तुकडे चुलीत घातले. दुपारपासून इथे बसून मी स्वतःलाही पटवत होतो, की त्यानेच कापला. अर्ध्याहून जास्त पटलंही होतं."

"आणि तो तुरुंगात गेला असता?"

"त्याच्यासाठी कोण रडणार होतं?"

हे म्हटल्यावर व्हर्नने स्वतःच मान खाली घातली.

"पट्टा जुना होता, हा अपघात आहे," मार्लिस म्हणाली. "कापलास ते मात्र पुरावा नष्ट करणं आहे, त्याचं उत्तर तुला द्यावं लागेल. रॅडके न्यायाधीशांकडे पोचायच्या आत फोन कर. तू करशील की मी?"

ड्युई लाकडं घेऊन दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने लाकडं खाली ठेवली, भिंतीवरचा फोन काढला आणि व्हर्नच्या हातात दिला.

६

दिवस मावळत होता. मार्लिस गाडी चालवत टेसमरच्या घराकडे निघाली तेव्हा एकच गोष्ट जागेवर बसत नव्हती. वर्षानुवर्षं न चुकलेला माणूस मशीन घेऊन कुंपणापर्यंत येतो, ते खाली ठेवतो आणि सुरू न करताच परत जातो. मशीन चांगलं असताना. माणूस असं करतो ते काहीतरी ऐकू आलं तर.

दार उघडंच होतं. आत बाहेरच्याइतकीच थंडी होती. चूल विझवलेली, राखसुद्धा काढलेली. नळांची तोंडं उघडी आणि कोरडी. इथे हिवाळ्यात घर सोडून जायचं तर असंच करतात. पाणी आत गोठलं तर नळ फुटून जातात. टेसमर कोट घालून खुर्चीवर बसला होता. पायाशी एक छोटी बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"एकटीच? शेरीफ कुठाय?"

"येणार नाही. पट्टा जुना होता, आपोआप तुटला. कापला तो नंतर, व्हर्नने. त्याने कबूल केलंय."

टेसमरच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही दिसलं नाही. तो बॅगेकडे बघत राहिला.

"मग मला नेणार नाही?"

"नाही."

"मी पाणी काढून टाकलं सगळं," तो म्हणाला, जणू तिने आधी सांगायला हवं होतं.

मार्लिसने दुसरी खुर्ची शोधली. ती भिंतीला लावलेली होती, तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तिने तो खाली ठेवला आणि बसली.

"तुम्हाला काय ऐकू आलं सकाळी?"

टेसमरने बॅग पायाने खुर्चीखाली सरकवली.

"कण्हणं," टेसमर म्हणाला. "मशीन ठेवलं. हाक मारली, कोण पडलंय? झाडांमधून नारिंगी दिसत होतं तेवढंच. त्याने माझा आवाज ओळखला. म्हणाला, तू इथनं जा, टेसमर. कुंपणाच्या आत पाय टाकू नको. माझा भाऊ येतोय." त्याने हात मांडीवर ठेवले, पंजे पालथे. "मला वाटलं पाय मुरगळला असेल. बोलत तर होता. शिवी पण दिली एक. वाटलं, शिवी देतोय म्हणजे ठीक आहे. तरी थोडा वेळ उभा राहिलो. पुन्हा म्हणाला, जा."

"आणि तुम्ही गेलात."

"गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं, वॉर्डनबाई."

खिडकीबाहेर रान काळं होत चाललं होतं. दूर कुणाच्या तरी कॅम्पवर एक दिवा लागला.

"कायद्यात याला काही आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"नीट आठव. तुला सगळं पाठ असतं."

"नाही, ऑरिन. यासाठी काही नाही."

तो उठला. कोट काढायला लागला, मग थंडी लक्षात येऊन पुन्हा घातला. "तळघरात पंप आहे. डावीकडे फिरवायचं चाक. माझं मी करतो. तू जा आता."

मार्लिस उठली, बॅटरी घेतली आणि तळघराच्या पायऱ्या उतरली. चाक गार आणि घट्ट होतं. दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. पंप धडधडू लागला. ती वर आली तेव्हा टेसमर कोरड्या नळापाशी उभा होता. नळातून आधी हवा आली, खोकल्यासारखी, थांबून थांबून.

"तू जा," तो पुन्हा म्हणाला.

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. पाणी तांबूस आलं. ते स्वच्छ व्हायला वेळ लागणार होता.